बहिणीच्या घरात भाड्यानं

आमचं सांगलीचं घर दुष्काळात झालं. दुष्काळ पडला म्हणूनच झालं, असं आई चारचौघांत सांगायची आणि त्यात तिला काही वावगं वाटायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात जतकडची माणसं पोटासाठी सांगलीत येत होती आणि मिळेल त्या मजुरीवर दगडमाती वाहत होती. वडील साखर कारखान्यात फिटर होते. विश्रामबागेच्या पलीकडं, काळ्या रानात, त्यांनी दोन गुंठ्यांचा प्लॉट आधीच घेऊन ठेवला होता. एरवी तो आणखी पाच वर्षं तसाच पडून राहिला असता. आई म्हणाली, "माणूस आता स्वस्त हाय. आता न्हाई बांधलं तर कवाच न्हाई."

ती स्वतः छत्री घेऊन कामावर उभी राहायची. एक बाई तान्हं पोर घेऊन यायची. लिंबाला झोळी बांधून त्यात ते ठेवायची आणि रडलं की घमेलं खाली ठेवून पाजायला जायची. संध्याकाळी आईनं तिच्या मजुरीतले चार आणे कापले. ती कानडीत काहीतरी पुटपुटली, मग मराठीत म्हणाली, "आक्का, लेकरू हाय."

"लेकराला मजुरी न्हाई ठरली," आई म्हणाली.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते. त्या वर्षभरात आमच्या घरात गोडाचं काही शिजलं नाही. रेशनची लाल ज्वारी आम्ही खाल्ली आणि वडिलांना गावाकडून मिळालेला चांगला शाळू आईनं विकला. भिंती उभ्या राहिल्या आणि स्लॅबला पैसे कमी पडले, तेव्हा ती साताऱ्याला मावशीकडं गेली.

मावशी आईपेक्षा बारा वर्षांनी मोठी. या दोघींची आई लवकर गेली, म्हणून आईला न्हाऊमाखू घालण्यापासून तिच्या लग्नापर्यंत सगळं मावशीनं केलं. लग्नसुद्धा साताऱ्यात मावशीच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांतूनच लागलं. त्या खोल्या भाड्याच्या होत्या. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावणं, जप्ती करणं आणि हुकूम निघाला की माणसांना सामानासकट घराबाहेर काढणं, हे त्यांचं काम. त्यांना मूलबाळ नव्हतं. बँकेत ठेवी मात्र बऱ्याच होत्या आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

आईनं त्यांच्याकडं हजार रुपये मागितले. ते म्हणाले, "कर्ज काढून घर बांधणाऱ्याला पैसे देणं म्हणजे त्याच्याशी वैर धरणं. मी तुमचा वैरी नाही."

आई तशीच संध्याकाळच्या गाडीनं परत आली. स्लॅबचा विचार सोडला. वर पत्रा घातला.

वास्तुशांतीला मावशी आणि काका आले. काकांनी सगळं घर हिंडून पाहिलं. मागच्या खोलीत एक भेग पडली होती, खिडकीच्या कोपऱ्यातून खालपर्यंत. काळ्या जमिनीचं असंच असतं. उन्हाळ्यात ती फाटते, पावसाळ्यात फुगते आणि वरच्या भिंतीला ओढते. काकांनी भेगेत करंगळी घातली आणि ती पेरापर्यंत आत जाते, हे जवळ उभ्या असलेल्या पाहुण्यांना दाखवलं. मग पंगतीत बसल्यावर त्यांनी विषय काढला.

"साडूभाऊ, एकूण किती गेले घराला?"

वडिलांनी आकडा सांगितला. बारा हजारांच्या आसपास.

"बारा हजार मी बँकेत ठेवले तर महिन्याला साठ-सत्तर रुपये व्याज येतं. मी भाडं भरतो बारा रुपये. मालकाच्या बापाच्या वेळचं भाडं, वाढवायची त्याला सोय नाही. म्हणजे भाडं देऊन, वर भाजीपाला आणि दूध फुकट. मुद्दल आहे तिथं आहे. तुमचं मुद्दल कुठं आहे?" त्यांनी भिंतीकडं पाहिलं. "मातीत."

वडील हसले. त्यांना वाद घालता यायचा नाही. "पण कुणी हाकलू शकत न्हाई आपल्याला," ते म्हणाले.

"मला कोण हाकलतंय? भाडेकरूला काढायचं तर मालकाच्या चपला झिजतात. माझ्या डोळ्यांदेखत म्हातारे झालेत मालक लोक. आणि आम्ही दोघं माणसं. भिंती कुणाच्या नावावर करायच्या?"

आई वाढत होती. ती त्यांच्या पानापुढं थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तेबी खरंच हाय, दाजी. आमाला पोरं हायत म्हणून भिंती लागत्यात. तुमाला काय, धर्मशाळाबी चालती."

काकांनी मान खाली घालून भात कालवला. मावशी पलीकडच्या रांगेत आमटी वाढत होती. तिनं ऐकलं हे मला दिसलं, कारण तिचा पळीचा हात एका पानावर जरा जास्त वेळ थांबला. मग ती पुढच्या पानाकडं सरकली. जाताना आईनं तिला खण-नारळ दिला. मावशीनं आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घर छान झालं गं."

त्यानंतर तीन-चार वर्षं जाणंयेणं तुटकच राहिलं. मी कॉलेजात जायला लागले. काका निवृत्त झाले. आणि एका पावसाळ्यात साताऱ्याच्या त्यांच्या खोल्यांची मागची भिंत बसली.

बारा रुपये भाड्यात मालक डागडुजी कुठली करणार? त्यानं वर्षानुवर्षं कौलं शाकारली नव्हती. भिंत बसल्यावर त्यानं स्वतःच नगरपालिकेत जाऊन घर धोकादायक असल्याची नोटीस काढून आणली. लोक आले, वासे उतरवले. ज्या काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं सामान रस्त्यावर ठेवलं होतं, त्यांचं सामान दोन दिवस शेजारच्या पडवीत पडून होतं. नवीन जागा पाहिल्या तर कुणी शंभराच्या खाली बोलेना आणि वर अनामत मागायचे.

मावशी एकटीच आमच्याकडं आली. आईनं तिला चहा दिला आणि समोर बसली.

"मागच्या दोन खोल्या रिकाम्या हायत न्हवं?" मावशीनं विचारलं.

"हायत की."

"आमी दोघंच. आवाज न्हाई, गडबड न्हाई."

आईनं रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "रहा की आक्का. पण भाडं घेईन मी. साठ रुपये."

मी तिथंच होते. मला वाटलं, आई चेष्टा करते आहे. मावशीलाही तसंच वाटलं असावं, कारण ती हसली. आई हसली नाही. ती म्हणाली, "दाजीच म्हणत हुते न्हवं, भाड्यानं ऱ्हाणं फायद्याचं असतं. मग हूं दे की फायदा."

वडील रात्री आईला म्हणाले, "सख्ख्या बहिणीकडून भाडं? लोक काय म्हणतील?"

"हजार रुपये मागाय गेले हुते तवा लोक कुठं गेले हुते?" आई म्हणाली, आणि वडील कूस वळून झोपले. ते नेहमी तिथंच माघार घ्यायचे.

काका सामान घेऊन आले. साठ रुपये ऐकून त्यांनी जराही घासाघीस केली नाही. "साठ तर साठ," म्हणाले. वडिलांना तेव्हाच ते खटकलं. आमच्याजवळ ते बोललेही, हा माणूस एवढ्या सहज कसा कबूल झाला.

पहिले दोन महिने काकांनी भाडं आईच्या हातात दिलं. पावती मागितली. आई म्हणाली, घरच्या माणसाला कसली पावती? तिसऱ्या महिन्यात पोस्टमन दारात आला आणि त्यानं आईचं नाव पुकारलं. साठ रुपयांची मनिऑर्डर होती. पाठवणारे काका. पाठवणाऱ्याचा पत्ता आमचाच, फक्त पुढं 'मागील दोन खोल्या' असं लिहिलेलं. निरोपाच्या जागी बारीक अक्षरात 'चालू महिन्याचे घरभाडे'. आई हसत सुटली. भिंतीपलीकडून पोस्टानं पैसे पाठवतंय येडं, म्हणाली, आणि सही करून पैसे घेतले. त्यानंतर दर महिन्याला पोस्टमन यायचा. गल्लीला ती करमणूक झाली होती.

मावशीला मी कॉलेजातून आल्यावर भेटायची. ती मला तेल लावून वेणी घालायची. आईला ते आवडायचं नाही, पण ती मला अडवत नव्हती. मावशीला मात्र बोलायची. नळ तासभरच येतो, तुम्ही चार घागरी भरता. दिवा एवढा वेळ कशाला जळतो? मावशी "व्हय गं" म्हणायची आणि दिवा मालवायची. काका अंधारात बाहेर येऊन पायरीवर बसायचे.

वर्ष-दीड वर्षानं एक बँकेतला तरुण कारकून जागा शोधत आला. नुकतं लग्न झालं होतं. तो सव्वाशे रुपये द्यायला तयार होता. आईनं त्याच संध्याकाळी काकांना सांगितलं, "पुढच्या महिन्यात खोल्या मोकळ्या करा दाजी. आमाला लागणार हायत."

काका पायरीवर पान जुळवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "भाडेकरूला असं काढता येत नाही," ते म्हणाले.

"कसला भाडेकरू? पाव्हणं हाय तुमी."

"पाहुणा भाडं देतो का?"

वडील वकिलाकडं गेले. मी बरोबर होते, कारण मला कायद्याची भाषा कळेल असं त्यांना वाटायचं. वकिलानं सगळं ऐकून घेतलं आणि आधी तो हसला. म्हणाला, "मेव्हणीला फुकट ठेवलं असतंत तर उद्या बाहेर काढता आलं असतं. तुम्ही भाडं घेतलंत. महिन्याच्या महिन्याला, पोस्टातून, सही करून. आता तुमचा साडू कायद्यानं भाडेकरू झाला. उलट जास्त छेडलंत तर साठ रुपये जास्त आहेत, कमी करा, म्हणून तोच अर्ज करील. कमी होतीलसुद्धा."

घरी येऊन वडिलांनी हे आईला सांगितलं. तिला ते दोनदा सांगावं लागलं. मग ती उठली आणि मागच्या खोल्यांचा फ्यूज काढून आणला. तो तिनं पिठाच्या डब्यामागं ठेवला.

दिव्यानंतर नळ. मागच्या अंगणातून आमच्या घरात यायच्या दाराला आतून कडी. मी पाणी भरून मावशीला नेऊन द्यायची, तेव्हा आई मला म्हणायची, "तुज्या बापानं पत्र्याखाली उन्हाळं काढलं, ते दिसत न्हाई तुला?" काकांनी पुढच्या महिन्याची मनिऑर्डर अगदी वेळेवर पाठवली. ती नाकारायची हे तोवर आईला कळलं होतं. काकांनी नाकारल्याचीही नोंद ठेवली.

शेवटी तिनं अंगणातल्या संडासाला कुलूप लावलं.

किल्ली ती कमरेच्या पिशवीत ठेवायची. काका पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडं जाऊ लागले. मावशीचे गुडघे गेलेले होते. तिनं एकदा आईकडं किल्ली मागितली. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, दोघी माझ्यासमोर होत्या.

"मला तेवढं उघडून देत जा," मावशी म्हणाली. "त्यांचं ऱ्हाऊ दे. माझ्यापुरतं."

"दाजींना खोली सोडाय लाव. लगेच देते."

"माजं ऐकतात व्हय ते? आजवर कवा ऐकलं?"

"मग मीबी न्हाई ऐकत."

मावशी उभीच राहिली. तिला वाटलं असावं की हे बोलून झालं की धाकटी बहीण उठेल आणि किल्ली देईल. आई डबे पुसत राहिली. मी म्हणाले, "आई, दे ना गं." तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

श्रावणात झड लागली होती. काळ्या रानातला चिखल पायाला धरून ठेवतो आणि मध्येच सोडतो. मावशी पहाटे काकांच्या मागून ओढ्याकडं जायची, बाईमाणूस म्हणून जरा लांब बसायची. त्या दिवशी ती घसरली आणि उठता येईना. काका पुढं निघून आले होते. एका दूधवाल्यानं तिला पाहिलं आणि हातगाड्यावर घालून आणली. लुगडं कमरेपर्यंत चिखलानं माखलेलं. ती दारात म्हणत होती, "आधी धुते मला, मग आत न्या."

मिरजेच्या दवाखान्यात मी आणि काका तिला टांग्यातून घेऊन गेलो. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून सळई घालावी लागेल, मग कदाचित काठीनं चालता येईल. काकांनी खर्च विचारला. डॉक्टरांनी सांगितला. काकांनी पुढं विचारलं, "या वयात ऑपरेशन करून किती वर्षं धरायची?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. काकांनी पुन्हा विचारला. मला कळला. ठेवी मोडल्या तर व्याज किती बुडेल आणि त्याच्या बदल्यात बाई किती वर्षं चालेल, याचा तो हिशेब होता. मावशी शेजारच्या खाटेवर पडली होती. ती म्हणाली, "नगा करू. घरी चला."

"घरी चला," काका म्हणाले. पायाला वजन बांधून घेऊन आम्ही तिला परत आणलं.

त्याच दिवशी आईनं संडासाचं कुलूप काढलं. मावशीला आता त्याचा उपयोग नव्हता. तिचं सगळं जागेवरच करावं लागायचं आणि ते मी करत होते. काका बाहेर पायरीवर बसत. पाठीला जखमा झाल्या. त्या धुताना ती माझ्याशी साताऱ्याच्या गोष्टी बोलायची. आई लहानपणी कशी तिच्या पदराला धरून पाणवठ्यावर यायची, वाटेत झोप आली की घागर आणि आई दोन्ही कशा आणाव्या लागायच्या.

आई खोलीत यायची नाही. एकदाच आली, उंबऱ्याच्या आत एक पाऊल ठेवून उभी राहिली. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "आक्का, आता तरी त्यांला सांग. तुजं ऐकतील आता."

मावशीनं पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाली, "मी गेले की सोडतील. थांब थोडी."

दिवाळीच्या आधी ती गेली. आई तेव्हा खूप रडली. गल्लीतल्या बायकांनी तिला धरून ठेवलं होतं आणि सख्खी बहीण ती सख्खी बहीण, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. तेराव्याचा स्वयंपाक आईनंच केला, हात राखून नाही, पुरणावरणाचा.

तेरावा झाल्यावर काका जातील, असं सगळ्यांनी धरलं होतं. ते गेले नाहीत. दुसऱ्या महिन्यात पोस्टमन आला.

मग वडीलच त्यांच्यापुढं जाऊन बसले. "साडूभाऊ, आता एकट्यानं इथं काय करणार हाय तुमी?"

"मी सोडतो," काका म्हणाले. "ताबा द्यायचे तीन हजार घेईन. साताऱ्यात अनामत द्यावी लागते."

"तीन हजार? एवढं तर तुमी भाडंबी दिलं न्हाई."

"नाहीच दिलं."

वडिलांनी पुन्हा वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, दावा लावून दहा वर्षं घालवण्यापेक्षा द्या आणि मोकळे व्हा, सगळे असंच करतात. आईच्या पाटल्या मोडल्या. त्यांतली एक मावशीनं लग्नात घातलेली होती. काकांनी ओसरीवर बसून, अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या, ताबापावती स्वतःच्या हातानं झकास लिहून दिली आणि ट्रंक टांग्यात ठेवली. मावशीच्या दोन पातळांचं गाठोडं त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुला होतील," म्हणाले.

खोल्या मोकळ्या झाल्या. बँकेतल्या कारकुनाला तोवर दुसरीकडं जागा मिळाली होती. नंतरही माणसं विचारायला येत, पण आई भाडेकरू ठेवायला धजत नव्हती. एका खोलीत गोवऱ्या रचल्या, दुसऱ्या खोलीत काहीच नाही. भिंतीची भेग रुंद होत गेली आणि वडील दर उन्हाळ्यात ती सिमेंटनं भरत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा कराडच्या स्थळाला आईचा पहिला प्रश्न होता, घर स्वतःचं आहे का. होतं. मी त्या घरात गेले.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले होते. साताऱ्याचा एक ओळखीचा माणूस फराळाला आला. त्यानं सांगितलं, काका तिथं कोर्टाच्या मागं एका खोलीत राहतात, हातानं करून खातात, तब्येत बरी आहे. कोर्टाच्या आवारात बसून लोकांना अजून समजावतात म्हणे, घर कधी बांधू नका.

वडील चकली मोडत होते. त्यांनी मान हलवली. आईनं त्या माणसाच्या कपात आणखी चहा ओतला आणि विचारलं, "भाडं किती भरत्यात?"

त्याला ते माहीत नव्हतं.